पुढच्या अंकात बांधकाम

धर्मपालला एका जागी बसवत नसे. ट्रेसरच्या धंद्याला हा रोग वाईट. ट्रेसिंगच्या कापडावर शाईची रेघ ओढायची म्हणजे श्वास रोखून बसावं लागतं. धर्मपालचा हात थरथरत नसे, श्वासही आज्ञेत असे. फक्त टेबलाखालचा डावा पाय स्वतःच्या मर्जीनं हलत राही. अमरावतीत ज्या इंजिनिअरसाहेबांच्या खाजगी कचेरीत तो नकाशे उतरवून काढी, ते साहेब म्हणत, "तुझा हात सरकारी आहे रे, पण पाय मात्र बडनेऱ्याच्या गाडीचा आहे. सुटायच्या बेतातच असतो."

एकोणीसशे त्रेसष्टच्या दिवाळीनंतर तो पाय जास्तच हलायला लागला. कारण जपान.

जपानचा आणि वऱ्हाडाचा संबंध कापसाचा. लढाईच्या आधी जपानी व्यापारी इथं कापूस घ्यायला येत. लढाई आली, व्यापारी गेले. त्यांतला एक म्हातारा मात्र जिनिंग फॅक्टरीवाल्या वामनरावांच्या वडिलांचा स्नेह विसरला नाही. कापसाला भाव असतो म्हणून तो चढतो-उतरतो. स्नेहाला भाव नसतो, म्हणून तो कधीकधी टिकतो. त्या म्हाताऱ्यानं दिवाळीच्या सुमाराला वामनरावांना एक मासिक पाठवलं. गुळगुळीत कागद, अठरा फोटो, आणि मजकूर सगळा जपानी. वामनराव त्या वेळी 'वऱ्हाड संस्कृती भवन समिती'चे अध्यक्ष होते. संस्कृती म्हणजे काय यावर समितीत मतभेद होते, पण तिला भवन पाहिजे यावर एकमत होतं.

मासिकात नेमकं तेच होतं. एका जपानी गावातलं संस्कृतीचं भवन.

समितीची बैठक भरली तेव्हा साहेबांनी नकाशाच्या कामासाठी पाठवलेला धर्मपाल कागदाची गुंडाळी काखेत मारून दाराशी उभा होता. वामनरावांनी मासिक उघडलं ते डावीकडून. आयुष्यभर त्यांनी जे जे उघडलं ते डावीकडूनच. पहिला फोटो नाटकघराचा: उतरत्या खुर्च्या आणि समोर काळाभोर रंगमंच. मग एक दिवाणखाना, त्यात लांबच लांब टेबलं, आणि टेबलावर प्रत्येक वाचणाऱ्यासमोर त्याचा त्याचा दिवा. मग खालच्या मजल्यावरची दुकानं, चहाचं हॉटेल, पुस्तकांचा गाळा. मग बाहेरून सगळी इमारत. करड्या, खरबरीत दगडाची, खोल खिडक्यांची. रस्त्यावरून पायऱ्या अशा चढत गेलेल्या, की नदीचा घाट उचलून कुणी गावात आणून ठेवलाय. एकच डोंगर आतून कोरून काढल्यासारखं ते सगळं होतं.

धर्मपालच्या काखेतली गुंडाळी चेपली. एका माणसाला एक दिवा! हे त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

वामनरावांनी पान उलटलं. पुढच्या फोटोत इमारतीचा अर्धाच दगड शिल्लक होता.

"हे काय?"

"पाडून राह्यले," समितीतले वकील चष्मा पुसत म्हणाले.

पुढच्या फोटोत दगडाचे तक्ते अंगणात ओळीनं रचलेले, प्रत्येकावर आकडा. त्यापुढे नुसतं उघडं सिमेंट. त्यापुढे लोखंडी सळया. त्यापुढे खड्डा. शेवटच्या फोटोत मोकळं मैदान, चार कोपऱ्यांना चार हिरवे बांबू, त्यांना दोरी, आणि मधोमध पांढऱ्या कपड्यातला एक पुजारी काहीतरी शिंपडत असलेला.

"तेरावं," वकील म्हणाले.

"इमारतीचं?"

"मोठे श्रद्धाळू लोक असतात जी ते."

वामनराव बराच वेळ पुजाऱ्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "भूकंपाचा मुलूख आहे न! जुनं ठेवतच नाहीत ते लोक. आता हे पाहा राजेहो, जुनीच इमारत अशी, तं नवी कशी असन!"

नवी कशी असेल याची कल्पना कुणालाच करवेना. ती पुढच्या अंकात असणार, हे उघड होतं. ठराव झाले दोन. एक, भवन जपानी पद्धतीनं बांधावं. दोन, बांधकाम पुढच्या अंकात येईल. तोवर पाडकाम चालू अंकाप्रमाणे उरकून घ्यावं.

आता पाडायला काहीतरी हवं. ते होतं. बडनेरा रोडवरचा जुना जकात नाका: इंग्रजांच्या काळातली काळ्या दगडाची दोन खोल्यांची इमारत. नाका पुढं सरकला, इमारत मागं राहिली, आणि ती जागा आता समितीला मिळाली होती. मधल्या सात वर्षांत मात्र त्या इमारतीत एक वाचनालय चालू होतं. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीतल्या पोरांनी नाक्यातली वटवाघळं हाकलली, भिंती पांढऱ्या केल्या, दोन वर्तमानपत्रं आणि एकतीस पुस्तकं जमवली. धर्मा तेव्हाच धर्मपाल झाला होता. नाक्यात विजेचा एक दिवा होता आणि तो वस्तीतला एकुलता एक विजेचा दिवा होता. त्याच्याखाली चौदा पोरंपोरी मॅट्रिकचा अभ्यास करत. धर्मपाल स्वतः त्याच्याखाली बसून मॅट्रिक झाला होता. आता त्याची बहीण शकुन बसत होती. परीक्षा मार्चमध्ये होती.

"साहेब, नाक्यात वाचनालय आहे जी," धर्मपाल दारातून म्हणाला.

"आहे न. कोन नाही म्हणते? भवनात तुमाले खोली देऊ. मोठी. नकाशात तूच काढजो."

"नकाशा कधी काढू?"

"पुढचा अंक आल्यावर," वामनराव म्हणाले. यात अडचण काय आहे, हे त्यांना खरोखरच कळलं नाही.

फोटोवरून पाडकामाचा तक्ता करायचा म्हणून धर्मपालनं मासिक घरी आणलं. घरी बुधाजी, म्हणजे त्याचा बाप, बाजेवर बसून छन्न्यांना धार लावत होता. बुधाजीनं चाळीस वर्षं खदानीत दगड घडवला होता. त्याला वाचता येत नसे, पण भिंत वाचता येई.

"पाय बा, काय इमारत आहे," धर्मपालनं फोटो पुढं केला.

बुधाजीनं फोटो हातभर लांब धरला. मग जवळ घेतला. मग नाक मुरडलं. "हा दगड खोटा हाये."

"खोटा कसा? दिसून राह्यला न."

"दगड खरा हाये रे, काम खोटं. सांध्यावर सांधा हाये, पाय! वरपासून खालपर्यंत एकाच रेघेत. अशी भित एका पावसात फाटते. मी असा थर लावला असता तं माह्या बापानं मले त्याच थरात चिनला असता." त्यानं बोट फिरवलं. "ह्या दगडावर वजनच नाही. आत दुसरीच भित हाये, अन् हा वरून टांगला हाये. लुगड्यावानी."

"म्हणजे आधी सिमेंट उभं केलं, मंग दगड?"

"मंग! लुगडं आधी अन् बाई मंग, असं असते काय कुठी?"

धर्मपाल उभा राहिला. बसला. पुन्हा उभा राहिला. "पण पुस्तकात आधी दगड आहे बा. मंग सिमेंट."

"मंग पुस्तक उलटं असन."

चुलीपाशी बसलेली शकुन हात पुसत आली आणि तिनं भावाच्या हातातून मासिक घेतलं. भावाला आपण मूर्ख म्हणू शकतो याचा आनंद तिला लपवता येत नसे. "दादा, कोपऱ्यातले आकडे पाह्यले काय तू? नाटकघर अठ्ठ्याण्णव. हा दिव्यावाला हॉल सत्त्याण्णव. अन् पुजारी एक्याऐंशी. एवढा मोठा ट्रेसर तू, एवढ्या रेघा पाह्यल्या, आकडे नाही पाह्यले?"

धर्मपालनं मासिक उजवीकडून उघडलं. पुजारी आला, मैदानात पूजा झाली, खड्डा खणला, सळया उभ्या राहिल्या, सिमेंट चढलं, दगडाचे तक्ते आकड्यांप्रमाणे एकेक टांगले गेले, पायऱ्या रस्त्यावर उतरल्या, दुकानं उघडली, दिवे लागले, आणि लोक येऊन वाचत बसले. पुढच्या अंकाची गरजच नव्हती. सगळं याच अंकात होतं.

पण हे समितीला सांगणार कोण? एक ट्रेसर, एक पाथरवट आणि एक मॅट्रिकची पोरगी: एवढा पुरावा जपानच्या विरुद्ध पुरत नाही. कुणीतरी जाणकार हवा होता. इंजिनिअरसाहेबांनीच नाव सुचवलं. अकोल्याला किसनराव म्हणून एक गृहस्थ होते. लढाईआधी ते अठरा वर्षं एका जपानी कंपनीच्या गोदामावर होते आणि त्यांना जपानी येतं, अशी अकोल्यात समजूत होती.

रविवारी धर्मपालनं बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडली. बसायला जागा असून तो दारात उभा राहिला. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेवढ्यात त्यानं फलाटाच्या दोन चकरा मारल्या. अकोल्याला किसनराव धोतर-बंडीवर ओसरीत बसून सरकी फोडून पाहत होते. सरकीशी आता त्यांचा काही संबंध नव्हता. बोटांची सवय होती.

"जपानी येते जी तुम्हाले?"

"अठरा वर्ष काढले बावा," किसनराव म्हणाले आणि त्यांनी दहापर्यंत जपानी आकडे मोजून दाखवले. सहावर थोडे अडखळले. मग 'कापूस ओला आहे' हे वाक्य म्हटलं. त्यांचं जपानी तिथं संपत होतं. साहेबाला याहून जास्त ऐकायचंच नसे.

धर्मपालचा चेहरा पडला. त्यानं नुसतं मासिक पुढं केलं. किसनरावांनी ते हातात घेतलं, आणि बोलता बोलताच, न पाहता, उजवीकडून उघडलं.

"हे!" धर्मपाल ओरडला. "हे असं काहून उघडलं जी तुम्ही?"

"मंग कसं उघडू? आमचा साहेब पेपर असाच उघडे. पयल्या दिवशी मी त्याले म्हटलं, साहेब पेपर उलटा आहे. त्यानं मले दोन दिवस कामावर नाही घेतलं."

धर्मपालनं त्यांच्याकडून तिथल्या तिथं लिहून घेतलं: 'मी अठरा वर्षे समक्ष पाहिले आहे की, जपानी साहेब लोक उजवीकडून उघडतात. सबब दाखला दिला असे.' खाली सही, आणि सहीखाली, धर्मपालनं सांगितलं नसताना, जपानी लिपीतला सातचा आकडा.

दाखला घेऊन तो सोमवारी वामनरावांच्या बंगल्यावर गेला. वामनरावांनी तो दोनदा वाचला. मासिक उजवीकडून एकदा चाळलं. ते मूर्ख नव्हते. त्यांना कळलं; कळल्याचं त्यांच्या कानांच्या पाळ्यांवर दिसलं. पण ठराव झाला होता, पाडकामाला माणसं सांगून झाली होती, आणि नागपूरच्या एका बड्या पाहुण्याला पूजेचं आमंत्रण गेलं होतं.

"तू म्हणतो ते बरोबर असन," ते सावकाश म्हणाले. "जपानात."

"म्हणजे जी?"

"हे पाहा, हा संस्कृतीचा प्रश्न आहे. मराठी माणसानं डावीकडून वाचावं. उद्या उर्दूवाले येतीन, म्हणतीन आमच्यासारखं वाचा. मंग?"

"मार्चपर्यंत तरी थांबा साहेब. पोरांची परीक्षा आहे."

"पोट्टे हुशार आहेत तुमचे. कुठीबी वाचतीन."

त्याच आठवड्यात समितीनं तिसरा ठराव केला: चालू अंक डावीकडून वाचण्यात यावा.

पाडकामाला पाथरवट हवा होता, आणि दगड न फोडता काढणारा एकच होता. बुधाजी. "मी नाही गेलो तं घन घेऊन दुसरा जाईन अन् भुगा करन," एवढंच तो म्हणाला आणि छन्न्या पिशवीत घातल्या. दगडांवर आकडे घालायचं काम धर्मपालकडे आलं. मासिकात आकडे होते, म्हणून नाक्यालाही पाहिजेत.

धर्मपाल डांबराचा डबा आणि कुंचला घेऊन शिडीवर चढला. तक्ता त्यानं तयार केला होता: प्रत्येक थर, प्रत्येक दगड, कोपरे वेगळे. एकूण चारशे बारा. सगळ्यांत वरच्या दगडावर त्यानं लिहिलं, ४१२.

"उलटं काहून?" खालून बुधाजीनं विचारलं. "पयले काढतो त्याले एक नंबर दे न."

"हा शेवटी लागनार आहे बा."

बुधाजी त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं चारशे बारामागं छन्नी सारली. दगड हलका निघाला. एक वीत जाडीचा. मागं विटांचे तुकडे, चिखल, आणि एका ठिकाणी चक्क बाभळीचा ओंडका.

बुधाजी शिडीवर बसून हसला. "घ्या! इंग्रजानंबी लुगडंच नेसवलं होतं. अन् आमी साठ वर्ष याले किल्ला समजून राह्यलो."

नऊ दिवसांत नाका उतरला. नवव्या दिवशी दिव्याची तार कापली. त्या संध्याकाळी चौदा पोरंपोरी रस्त्यावरच्या खांबाखाली बसली. मोटारी जात, धूळ उडे, शकुन भूमितीचं पुस्तक झटके आणि भावाला म्हणे, "दादा, तुया जपानात काय म्हणतात याले? खुलं वाचनालय?" धर्मपालला हसता येत नव्हतं. तो खांबाभोवती फिरत होता. चारशे बारा दगड नाक्याच्या जागेवर ओळीनं रचलेले होते. पूजा झाली की ते भवनाच्या सामानात जाणार, भवन पुढच्या अंकात जाणार, आणि वाचनालय भवनात. या रांगेत आपला नंबर कधी लागणार, हे त्याला ट्रेसर असूनही काढता येत नव्हतं.

पूजेच्या आदल्या दिवशी वामनराव जागा पाहायला आले. सोबत फोटोवाला होता. पूजेचा फोटो जपानला त्या म्हाताऱ्याला पाठवायचा होता, मासिकातल्यासारखा, जसाच्या तसा. चार बांबू आले होते, दोरी आली होती, भटजींना पांढऱ्या उपरण्याची ताकीद दिली होती. वामनराव मासिक समोर धरून एकेक गोष्ट जुळवून बघत होते.

धर्मपालचा पाय थांबला. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा.

"साहेब," तो म्हणाला, "शेवटच्या फोटोत जागेवर दगड नाही जी."

वामनरावांनी फोटो पाहिला. मैदान स्वच्छ होतं. मग समोर पाहिलं. चारशे बारा दगड.

"नाही खरं."

"एकबी नाही. काडी नाही."

"मंग हलवा न हे!"

"कुठी हलवू?"

"कुठीबी! फोटोत दिसता कामा नये."

"लिहून देता काय जी? उद्या कोनी म्हणन, समितीचा माल होता."

वामनरावांनी मोटारीच्या टपावर कागद ठेवून लिहिलं: 'सदर दगड फोटोत दिसू नये म्हणून कायमचा हलवण्यात यावा. मासिकाप्रमाणे.' 'कायमचा' हा शब्द धर्मपालनं सुचवला. 'मासिकाप्रमाणे' हा वामनरावांचा.

गाड्या सुंदराबाईच्या. ती माळ्याची, तिची वांगी-मेथी रोज सकाळी दोन बैलगाड्यांत बाजारात जाई आणि गाड्या रिकाम्या परतत. सात वर्षं ती दुपारी नाक्याच्या सावलीला टोपल्या ठेवत आली होती. "दगड नेतो म्हणते तं ने," ती म्हणाली. "पण तुही खोली झाली की माह्या टोपल्यांले दुपारची सावली पाह्यजे. अन् पानी प्याले माठ. आधीच सांगून ठेवतो."

"आत ठेवा टोपल्या मावशी."

"आत कायले? तुमचे पुस्तकं मेथीचा वास मारतीन."

दिवस मावळेपर्यंत गाड्यांनी अकरा खेपा केल्या. शकुन तक्ता घेऊन मोजत होती. वस्तीत बुधाजीच्या घराशेजारच्या रिकाम्या जागेत दगड उतरले, एक नंबर उजवीकडे. चारशे अकरा भरले. सत्तावन्न नंबर सापडला नाही. धर्मपाल कंदील घेऊन रिकाम्या जागेवर जाऊन आला, मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. फोटो हुबेहूब आला. समितीच्या इतिवृत्तात नोंद झाली की, चालू अंकाचे काम पूर्ण झाले असून पुढील अंकाची वाट पाहण्यात येत आहे.

वस्तीत मात्र उजवीकडून वाचायला सुरुवात झाली. आतली भिंत विटामातीची, बाहेरून दगड. संध्याकाळी कामावरून आलेली माणसं चिखल तुडवत, बायका पाणी आणत, आणि शकुन तक्त्यावरून ओरडे, "एकशे चार! नाही, एकशे चारच, तो एकशे चाळीस आहे, डोयाले काय झालं?" बुधाजी थर लावे. प्रत्येक सांध्याच्या बरोबर मधोमध वरचा दगड. विटा कमी पडल्या, म्हणून दोन खोल्यांची एक मोठी खोली झाली. सत्तावन्नच्या जागी वीट बसवली. फेब्रुवारीच्या वीस तारखेला दिवा लागला. एकच, पण लागला.

मार्चमध्ये चौदाही जण परीक्षेला बसले. धर्मपाल आता तरी बसेल असं बुधाजीला वाटत होतं. पण तो रोज येता-जाता त्या विटेवर हात फिरवी, दोन पावलं मागं जाऊन बघे, आणि तक्ता काढून पुन्हा मोजे.

खोलीला एव्हाना बरीच कामं लागली होती. सकाळी पाळण्यातली पोरं, दुपारी सुंदराबाईच्या टोपल्या (त्या शेवटी आतच आल्या), संध्याकाळी अभ्यास, पौर्णिमेला वंदना; एप्रिलमध्ये तिथं दोन लग्नं लागली आणि एक नाटक झालं, त्यात पडदा माळ्यांच्या घरचा होता. मेथीचा वास पुस्तकांना लागलाच.

मे महिन्यात एका संध्याकाळी दारात मोटार थांबली. वामनराव उतरले. हातात नवीन मासिक होतं. पुढचा अंक आला होता. त्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत समुद्रातले मासे होते.

"तो अकोल्याचा दाखलेवाला अजून आहे काय रे?" ते धर्मपालला म्हणाले. "हे वाचून पाह्यजे. बांधकाम कुठंतरी असनच." भवनाच्या जागेवर चार वाळके बांबू उभे होते आणि त्यांना लोक म्हशी बांधत होते, हे ते बोलले नाहीत.

ते आत येऊन बाकावर टेकले. मग मान वळवून त्यांनी दाराच्या चौकटीकडे, खिडकीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. बाहेरच्या दगडांवर मावळतीच्या उन्हात डांबराचे आकडे अजून पुसट दिसत होते.

"हे इमारत कुठंतरी पाह्यली आहे मी."

धर्मपालनं खिशातला कागद चाचपला. तोंड उघडलं.

"मासिकात पाह्यली असन जी," शकुन पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "पुढच्या अंकात."

वामनरावांनी मान डोलवली, चष्मा लावला, आणि दिव्याखाली सरकून, माशांची पानं डावीकडून एकेक उलटत ते शोधू लागले. शेजारच्या पोरानं त्यांना जागा करून दिली. वाचनालयात बोलायची मनाई होती. धर्मपाल उभाच होता. टेबलाखाली नसतानाही त्याचा डावा पाय हलत होता. सत्तावन्न नंबरचा दगड त्या दिवशी वामनरावांच्या मोटारीतून गेला असेल का, एवढंच त्याला विचारायचं होतं.